पुठ्ठ्याच्या आड

काचेच्या कडेला टवका उडाला होता — मोहरीएवढा, बोट फिरवल्याशिवाय कळू नये असा — आणि फ्रेमच्या खाचेत तो झाकला जाईल, गिऱ्हाइकाला जन्मात पत्ता लागणार नाही, हे ठाऊक असूनही तिनं ती काच बाजूला टाकली आणि दुसरी घासायला घेतली.

"पुरे की आता," चष्म्याच्या दुकानाचे मालक म्हणाले. "कोण बघतंय?"

तिनं काच चाकाला लावली. चाक गरगरत होतं, पाणी ठिबकत होतं, आणि तिच्या डोक्यात तो झुलता पूल शेवटच्या दोरापर्यंत बांधून तयार होता. आज दुपारी लांब्या त्या पुलावर पाय ठेवणार होता.

लांब्या म्हणजे रक्त तपासणाऱ्या लॅबमधला, तिचा कॉलेजपासूनचा मित्र. दर शनिवारी दुकान अर्धा दिवस असलं की तो, ती आणि दातांची डॉक्टरीण असे तिघं डॉक्टरणीच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसत. एकानं सूत्रधार होऊन जग सांगायचं, बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचं, आणि जीव टांगणीला लागला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. यात जिंकतं कोण, असं लोक विचारत. कोणीच नाही म्हटलं की कीव आल्यासारखे बघत. वहिनी तर म्हणाली होती, "म्हणजे घर-घरच की." हो, घर-घरच... पण सहा वर्षं एकाच बाईच्या तोंडून बोलून बघा, मग सांगा.

ती बाई नावाडीण होती. एका डोळ्यानं अधू, जिभेची फटकळ, मर्जी फिरली तर राजालाही काठावर ताटकळत ठेवणारी. घरात, दुकानात जे ओठांपर्यंत येऊन परत फिरायचं, ते नावाडीण बिनदिक्कत बोलून टाकायची. दोन वर्षांपूर्वी बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा ती चार शनिवार गेली नाही. चौथ्या शनिवारी लांब्या सूत्रधार होता, आणि त्यानं नावाडणीला बुडवलं. फोनवर हसत हसत सांगितलं — अगं, नावाडीण आणि बुडून मेली, आम्ही हसून हसून लोळलो — तेव्हा ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. बाबांना जाऊन तास झाला होता. तेही ती पाण्याची बाटली आणायला खाली गेली असताना.

ती रडली. दादानं पाठीवर हात ठेवला, आणि तिला वाटलं, सांगावं — दादा, हे बाबांसाठी नाही रे... बाबांसाठी टिपूस आलं नव्हतं. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

मग लांब्या भेटायला आला. दारातच म्हणाला, "मला कल्पना नव्हती गं. पण खेळच होता ना." ते शब्द दोन वर्षं घासातल्या खड्यासारखे तिच्या दाताखाली येत राहिले.

आज सूत्रधार ती होती. दुपारी डॉक्टरणीच्या टेबलावर तिनं पिशवीतून पुठ्ठा काढून उभा केला. डॉक्टरणीच्या भुवया वर गेल्या. फासा सगळ्यांसमोर टाकावा, आडोसा करणारे सूत्रधार भुरटे, हे आजवर पुठ्ठा उभा करणारीचंच मत. त्यावरून ती एकदा लांब्याशी महिनाभर बोलली नव्हती.

"आज हे काय नवीन?"

"नकाशा दिसायला नको म्हणून."

लांब्याचा म्हातारा वैद्य पुलाच्या मध्यावर आला. पलीकडच्या कड्यावरून बाण सुटला. पंधराच्या वर पडलं तर वर्मी लागणार, हे तिनं आधीच सांगितलं. मग पुठ्ठ्याआड फासा टाकला.

तीन.

तीन म्हणजे बाण दरीत. तीन म्हणजे वैद्य पलीकडे, सुखरूप, पुढच्या शनिवारी पुन्हा खाकरत बोलणार...

"अठरा," ती म्हणाली.

"अठरा?"

"अठरा."

पुठ्ठा त्याच्या हातापासून वीतभर होता. उचल, ती मनात म्हणाली. उचल आणि बघ. हात हलला नाही. "तू म्हणतेस म्हणजे अठराच," लांब्या म्हणाला आणि वैद्याची सगळी नोंद असलेला, खोडून खोडून विरलेला कागद बघत राहिला. मग त्या म्हाताऱ्या, खाकरत्या आवाजात सावकाश बोलला, "झोळी इथं ठेवतो. मागून येणाऱ्यांपैकी कुणाला तरी लागेल." डॉक्टरणीनं डोळे पुसले.

कागदाची घडी घालून त्यानं ती खिशात ठेवली. "साडेआठ वर्षं झाली," तो म्हणाला. "बरं झालं, मी इथं होतो."

त्यानं ते साधेपणानं म्हटलं, कुणाला टोचायला नाही, हे तिला दिसत होतं. आता आनंद होईल म्हणून ती थांबली. तो आला नाही. निदान लाज वाटेल म्हणून थांबली, तीही नाही. आला तो हेवा — त्याला निरोप घेता आला, कुणी डोळे पुसले, हे सगळं तिनं, तिनं स्वतःच्या हातानं त्याला दिलं... त्याच्या पाठीमागे मारायला हवं होतं, तो नसताना, हसत — हा विचार मनात आला आणि त्याच्या शेवटाशी लांब्या नव्हताच, एक रिकामी लिफ्ट होती, सावकाश वर येणारी, आणि हातात गार बाटली.

"पुढं?" डॉक्टरणीनं विचारलं.

सांगायला तिनं तोंड उघडलं. दोन वर्षं धार लावलेला राग होता तसाच होता, पण तो कुणावर होता ते तिला आठवेना, आणि ती दोघं, अगदी विश्वासानं, तिच्याकडे बघत होती.