मालकांची पेज

उळवीच्या देवाची आण घेऊन मोठ्यांदा सांगते, ह्यातलं एक अक्षर खोटं न्हाई! काशीनं पेजेच्या मडक्यात डवला वरच्यावर फिरवला आन् नातवाच्या वाटीत नुसती निवळ ओतली. बुडातली शितं गोऱ्या साहेबाची सागवानं ओढायला जाणाऱ्या लेकाची, परशूची. परशूची बायको यमुना वाटीकडं बघत राहिली. पोर दोन वर्षांचं झालेलं, पण पोट घागरीवानी आन् पाय काटक्यांवानी. अजून उभं राहीना.

"आत्ती, थोडी शितं घाला की त्याला," ती सासूला म्हणाली.

"बारक्या पोटाला शितं सोसत्यात व्हय? दीठ लागलीया. दोरा बांध."

दोरे इतके झाले हुते, की मानेपरास तेच जाड दिसायचे!

आता गंमत अशी, पोराचं नाव उमाजी, म्हंजे मेलेल्या आज्याचंच. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं कसं? म्हणून काशी त्याला नुसतं 'ए बाळा' म्हणायची. यमुनेनं वाटी खाली ठेवली, पदर सारखा केला.

"आत्ती, काल मामंजी सपनात आले. म्हणाले, मी घरात परत आलोय, आन् ही मला पाणी पाजतीया."

डवला थांबला. काशीनं पोराकडं बघितलं. पोरानं नेमकं तवाच नाक वर करून भोकाड पसरलं, थेट आज्यावानी.

"अगं बाई! मग आदी सांगायचं न्हाई का!"

त्या दिसापास्नं पहिला डवला बुडातनं, आन् तो पोराला. वर सुक्या मासळीचा चुरा. काशी डोक्यावर पदर घेऊन वाढायची, आन् दोन वर्षांच्या मालकांचं झाल्याबिगर आपण घास घ्यायची न्हाई.

"आये, सागवान मी ओढतो का ह्यो?" परशू करवादला.

"गप ऱ्हा. मोठ्यांच्या आदी मागू नगं."

एका दुपारी दोघी तांदूळ पाखडत हुत्या. काशी हळूच म्हणाली,

"यमुने, तुझ्या सासऱ्यानं जल्मभर निवळच पिली. शितं माझ्या वाटीत सारायचे."

यमुनेच्या हातातलं सूप थांबलं.

"मग आत्ती, माझं सपान तुमी..."

"पाखड गं. उद्या जास्त लागतील."

पाऊस सरला, तवर उमाजीनं म्हशीचं रेडकू खांद्यावर घेऊन गोठ्याला तीन फेऱ्या मारल्या.

बरं बाबा, रेडकाचं तेवढं मी घातलं. पण डवल्याचा आवाज झाला आन् तो आपल्या पायांनी चुलीपाशी आला, ते खरं.