बीपनंतरचं वाक्य

सामना संपायला चाळीस सेकंद उरले होते आणि विश्वजितचा संघ दोन गुणांनी मागे होता. शेवटची चढाई त्याची होती. त्याने उजवीकडे जायची हूल दिली, डावा पाय मागे ओढला आणि त्याच क्षणी बिराप्पाने त्याचा घोटा धरला. त्या दिवशीची ती तिसरी पकड. मध्यरेषा हातभर लांब होती. विश्वजितने बोटं ताणली, पण वरून आणखी दोघे पडले आणि शिट्टी वाजली.

उठता उठता त्याने बिराप्पाला आईवरून शिवी दिली. मॅटजवळचा माईक चालू होता. टीव्हीवर तिथे बीप वाजला, पण शिवी कोणती ते ओठांवरून कुणालाही कळत होतं. पंच मध्ये पडले तर त्याने त्यांचा हात झटकला. मग बिराप्पाच्या कानाशी तोंड नेऊन तो आणखी एक वाक्य बोलला. त्यात एकही शिवी नव्हती. प्रेक्षकांच्या गलक्यात ते माईकलाही ऐकू गेलं नाही.

“तुझ्या बाला मरताना पानी पाजाय कोन न्हवतं. तुलाबी नसंल.”

बिराप्पा अंगावर धावून आला नाही. त्याने एकदा विश्वजितकडे पाहिलं, मॅटवर पडलेली आपली गुडघ्याची पट्टी उचलली आणि बाकाकडे चालू लागला.

दोघे सांगलीत एकाच हॉस्टेलवर वाढलेले. विश्वजित कराडकडचा, नदीकाठच्या ऊसवाल्या गावातला, त्याच्या वडिलांचं नाव कृष्णात, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बिराप्पा जत तालुक्यातल्या धनगराचा. चौदाव्या वर्षी दोघे एकाच आठवड्यात कबड्डी शिकायला आले, एका खोलीत राहिले, आणि सात वर्षं एकमेकांचे कपडे घालून हिंडले. लीगच्या लिलावात वेगवेगळ्या संघांत गेले तरी बिराप्पा आठवड्याला फोन करायचा.

एका रविवारी दुपारी कृष्णेच्या घाटावर कपडे धूत असताना बिराप्पाने त्याला वडिलांचं सांगितलं होतं. मेंढरं घेऊन वडील कोकणाकडे उतरले होते. चाऱ्यासाठी कळप घेऊन एकटेच पुढे गेले आणि तिकडेच छातीत कळ येऊन गेले. दोन दिवसांनी सापडले. सापडले ते बिराप्पालाच, मेंढरं भोवतीनं बसलेली होती. आईला मात्र सगळ्यांनी मिळून सांगितलं, की शेवटी माणसं जवळ होती, तोंडात पाणी घातलं. “हे तुला सोडून कुनाला सांगितलं न्हाई,” असं म्हणून बिराप्पाने शर्ट पिळला आणि बोलायचा दुसरा विषय काढला.

ते वाक्य तोंडातून कसं गेलं, हे विश्वजितला नंतर कितीदा आठवूनही समजलं नाही. शोधावं लागलं नव्हतं. जवळच कुठेतरी ठेवलेलं असावं तसं ते हाताला लागलं.

दुसऱ्या दिवशी शिस्तपालन समिती बसली. टेबलाच्या पलीकडे तीन माणसं आणि एक पडदा. त्यांनी ते दृश्य चार वेळा लावलं. अपशब्द एक, पंचांशी गैरवर्तन एक. कानाशी बोललेलं वाक्यही पडद्यावर दिसत होतं. त्याची मान वाकलेली, ओठ हलणारे. त्यातल्या वयस्कर गृहस्थाने विचारलं, इथे काय बोललात? विश्वजितने खाली मान घातली. संघाची पल्लवी शेजारी बसली होती. वर्तमानपत्रं आणि मोबाईलवरचा गोंधळ सांभाळायचं काम तिचं. तिने एक कागद पुढे केला. बिराप्पाने लिहून दिलं होतं, की खेळाच्या भरात शिवी ऐकली, बाकी काही नाही, माझी तक्रार नाही.

“बाकी काही नाही” हे शब्द विश्वजितने दोनदा वाचले.

दोन सामन्यांची बंदी झाली. पल्लवीने माफीचा मजकूर लिहून दिला. माझ्या तोंडून अनवधानाने गेलेल्या अपशब्दांबद्दल मी प्रेक्षकांची, पंचांची आणि विशेषतः लहान मुलांच्या पालकांची क्षमा मागतो. तिसऱ्या वेळी ते नीट चित्रित झालं. संध्याकाळपर्यंत हजारोंनी लिहिलं, की शेर माणूस, चूक कबूल केली. काहींनी लिहिलं, की असल्या खेळाडूंकडून मुलांनी काय शिकावं. विश्वजित सगळं वाचत बसला. शिव्या घालणारे आणि पाठ थोपटणारे, सगळेच त्या एका शिवीबद्दल बोलत होते.

त्याने बिराप्पाला फोन केले, उचलले गेले नाहीत. ‘चुकलं’ एवढंच लिहून पाठवलं. वाचल्याची निळी खूण आली, उत्तर आलं नाही.

बंदी संपायच्या आत संघ स्पर्धेतून बाद झाला आणि विश्वजित गावी आला. गावाने त्या प्रकरणाची गंमत करून टाकली होती. सलूनमध्ये शिरला की बाकावरची माणसं तोंडाने बीप काढायची आणि हसायची. तोही हसायचा. कृष्णात हवालदारांनी त्याला आल्या दिवशी समोर बसवून घेतलं. शिवीबद्दल ते फार बोलले नाहीत. पलटणीत शिवीशिवाय सकाळ उजाडत नसे, असं त्यांचं म्हणणं. पंचाचा हात झटकला, ते त्यांना लागलं होतं. वर्दीवर हात टाकण्यासारखंच ते, म्हणाले. मग पोराचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी विचारलं, “अजून काय हाय का?”

“न्हाई, आबा.”

काय सांगणार होता? कबुली द्यायची तर आधी बिराप्पाचं गुपित सांगावं लागलं असतं. एकदा ते त्याच्या तोंडून बाहेर पडलंच होतं. घरात माणसं होती, गावात मित्र होते, मोबाईलमध्ये हजारो ओळखी होत्या, आणि हे एक वाक्य ठेवायला कुठेच जागा नव्हती. सकाळी तो उसाच्या बांधाने पळायला जायचा आणि पळणं संपलं तरी तासभर विहिरीवरच्या मोटारीच्या खोपीत बसून राहायचा. आई हाका मारायची तेव्हा उठायचा.

लीग संपल्यावर, गावी आल्याच्या तेराव्या दिवशी, तो कुणाला न सांगता निघाला. कराडहून सांगली, सांगलीहून जतची एसटी. कवठे महांकाळ मागे पडलं तशी हिरवळ विरळ होत गेली. जतला उतरून त्याने वडापची जीप धरली. फाट्यावर पाण्याच्या टँकरभोवती घागरी लागल्या होत्या, बायका कानडीत एकमेकींवर ओरडत होत्या. त्यातल्या एकीने त्याला ओळखलं आणि बिराप्पा माळावर आहे म्हणून हात दाखवला.

बिराप्पा लंगडणाऱ्या मेंढीचा खूर साफ करत बसला होता. विश्वजितला पाहून तो उठला नाही.

“कशाला आलास?”

“चुकलं माझं.”

“ते टीव्हीवर बघितलं की.”

“ते शिवीचं हुतं. मी दुसऱ्यासाठी आलोय.”

बिराप्पाने खुरातला काटा काढला, मेंढी सोडून दिली आणि हात मातीला पुसले. “शिवीचं मला काय न्हाई. हॉस्टेलात रोज देत हुतास, मीबी देत हुतो. त्ये दुसरं कुनाला सांगितलंस?”

“कुनालाच न्हाई.”

“आबास्नी?”

“न्हाई, शपथ.”

 मग बिराप्पाने सांगितलं, की तो सामना गावात देवळापुढं पडदा लावून दाखवला होता. त्याची आई, दगडाबाई, सगळ्यात पुढे बसली होती. तिने विश्वजितचं तोंड हलताना पाहिलं आणि बिराप्पा घरी आल्यावर त्याला विचारलं, की शिवी झाल्यावर तो तुझ्या कानात काय म्हणाला.

“मी सांगितलं, लागलं का म्हनून इचारत हुता.”

 विश्वजित तिथेच खाली बसला. त्याला म्हणायचं होतं, की मला मार, काहीही बोल. पण बिराप्पाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो दमल्यासारखा दिसत होता.

“तू डावा पाय वडतोस त्ये मला ठावं हाय, म्हनून मी धरला. त्यो खेळ हुता,” बिराप्पा म्हणाला. “तसं माजंबी तुला लय ठावं हाय. आता मला तुजं भ्या वाटतं, गड्या.”

बिराप्पा उठून उभा राहिला.

“घरला चल. जेवल्याबिगर गेलास तर आय मला सोडायची न्हाई. पन परत येऊ नगंस.”

दगडाबाईने त्याला दारातच ओळखलं. हॉस्टेलवर ती वर्षातून दोनदा यायची आणि दोघांच्या डोक्याला सारखंच तेल घालायची. तिने ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली, टँकर आठवड्यातून एकदा येतो म्हणून तक्रार केली, आणि शिवीचा विषय स्वतःच काढून मोडीत काढला. मेंढरं हाकताना आपण दिवसाला पन्नास देतो, मग आपल्यालाही बंदी घाला म्हणावं, असं म्हणून ती हसली. मग भाकरीचा दुसरा तुकडा त्याच्या ताटात टाकत म्हणाली, “भांडलास तरी लागलं का म्हनून इचारलंस. शत्रू झाला तरी मानूस जवळ असावं, बाबा. ह्याचा बा गेला तवा मानसं हुती जवळ, म्हनून मी तग धरला. पानी पाजलं त्यास्नी. बिरानं सांगितलं असंल तुला.”

बिराप्पा उंबऱ्यावर पाठमोरा बसला होता. त्याने मान वळवली नाही.

“व्हय, मावशी,” विश्वजित म्हणाला. “सांगितलंय त्यानं.”

त्याने ताटातलं सगळं संपवलं. निघताना तिने त्याचा नंबर पोत्यावर पडलेल्या एका कागदावर लिहून घेतला, कारण बिराप्पाचा फोन बऱ्याचदा लागत नाही. बिराप्पा फाट्यापर्यंत सोडायला आला. वडाप येईपर्यंत दोघे दोन हातांच्या अंतरावर उभे राहिले. गाडीत बसल्यावर विश्वजितने मागे पाहिलं तेव्हा तो माळाकडे वळून चालायला लागलेला होता.

पुढच्या मोसमात विश्वजित चांगला खेळला. मॅटवर त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. पकड झाली की उठायचा, घाम पुसायचा आणि बाहेर जायचा. समालोचक म्हणायचे, बंदीने हा खेळाडू सुधारला. सांगलीतल्या एका शाळेने त्याला खेळाडूचं वर्तन या विषयावर बोलायला बोलावलं. पल्लवीने भाषण लिहून दिलं, त्याने ते वाचलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. बिराप्पाच्या संघाशी दोन सामने झाले. संपल्यावर रांगेत हात मिळवताना बिराप्पाने त्याच्या तळव्याला तळवा लावला आणि पुढच्या माणसाकडे सरकला. छायाचित्रात ते छान दिसलं.

दगडाबाईचा फोन मात्र महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. एकदा आला तेव्हा तो परगावच्या हॉटेलात होता आणि सरावाची बस खाली उभी होती. बिरा दोन दिवस फोन उचलत नाही, म्हणाली, त्याचा गुडघा कसा आहे, तुमची गाठ पडते का. आदल्या दिवशी विश्वजितने टीव्हीवर बिराप्पाचा सामना पाहिला होता. गुडघ्याला नवी पट्टी होती, पण पळताना तो लंगडत नव्हता.

“बरा हाय, मावशी. कालच बोललो.”

तिला बरं वाटलं. मग ती व्यालेल्या मेंढीचं सांगू लागली, दोन पिल्लं झाली, एक अशक्त आहे, बाटलीने दूध पाजावं लागतं. खालून बसचा हॉर्न दोनदा वाजला. विश्वजितने खोलीचं दार ओढून घेतलं, पलंगाच्या कडेला बसला आणि तिचं सांगून होईपर्यंत मधेमधे हुंकार देत राहिला.