पोग्यातलं रॉकेल

सकाळी जेऊरला गाडीत बसेपर्यंत दगडाबाईनं मानसिंगला चांगलंच फैलावर घेतलं होतं. मजुरांनी केळीच्या बुडातून फुटलेले मुनवे कोयत्यानं छाटले आणि लेक खूश! वर दिसतं ते कापलं म्हणजे झालं का? कापलेल्या पोग्यात, म्हणजे मधल्या कोंबात, चार थेंब रॉकेल सोडावं लागतं, नाहीतर आठवड्यात मुनवा परत डोकं काढतो. पंचेचाळिशीच्या बाप्याला हे सांगावं लागतं, म्हणजे कमालच झाली!

सोलापूरच्या दवाखान्यात मात्र वेगळंच ऐकायला मिळालं. तिच्या पित्तनळीतली कॅन्सरची गाठ परत वाढली होती. आठ महिने इंजेक्शनांनी ती सुपारीएवढी करून ठेवली होती. ही इंजेक्शनं तिच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींना जागं करून रोगावर सोडतात, हे दगडाबाई गावभर ऐटीत सांगत फिरली होती. त्या पेशी आता दमल्या की काय?

"दमल्या नाहीत, आजी. हे बघा," डॉक्टर महेश्वरी म्हणाल्या. गेल्या महिन्यात गाठीतून सुईनं काढलेल्या तुकड्याचं चित्र त्यांनी पडद्यावर लावलं. निळी गाठ, तिला वेढा घालून बसलेले हिरवे ठिपके म्हणजे दगडाबाईच्या पांढऱ्या पेशी, आणि आत चार-पाच लाल ठिपके.

"या लाल म्हणजे गाठीच्या मूळपेशी. बाकीची गाठ मेली तरी या निपचित पडून राहतात. ओळख लपवतात, चालून आलेल्या पेशींना गुंगवतात. मग सगळी गाठ पुन्हा उभी करतात."

दगडाबाई उठून पडद्यापाशी गेली. भ्यायचं सोडून ती थक्क होऊन बघत राहिली. एवढासा जीव, डोळ्याला न दिसणारा, आणि एवढ्या फौजेला पुरून उरतो! तिच्याच अंगातला, तिच्यासारखाच चिवट. तिला क्षणभर त्याचं कौतुकच वाटलं, मग त्या कौतुकाचीच लाज वाटली.

"आगं बया, ह्यो तर मुनव्याचा पोगा! मंग रॉकेल सोडा की ह्यात."

डॉक्टरांना काही उमगेना. मानसिंगनं मान खाली घालून सकाळचं सगळं सांगितलं.

"तेच रॉकेल अजून सापडलं नाही, आजी," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "ते शोधायला आणखी एक तुकडा हवाय. पण खरं सांगते, तुम्हाला त्याचा उपयोग होईल असं वाटत नाही."

"मंग न्हाय द्यायचा," मानसिंग म्हणाला. "उगं सुया कशाला टोचून घ्यायच्या? चल, आयी."

दगडाबाईनं टेबलावरचा संमतीचा कागद पुढं ओढला.

"शोधू दे की त्यास्नी."

"आन् तवर तुजं काय?" त्यानं कागदावर हात ठेवला.

लाल ठिपक्यांवरची नजर न हटवता ती म्हणाली, "तवर मी हाय की."