शिक्क्याचं लाकूड

पैलवानाने मधवाल्याची बोटं मोडली तेव्हा लाकडाच्या गिरणीत दोन पाहुणे मुक्कामाला होते, आणि भांडण पेटलं तेही त्या पाहुण्यांवरूनच.

पैलवान म्हणजे जंगलावरच्या राखणदारांचा म्होरक्या. दाजी म्हणजे जंगलाचा व्यवस्थापक. दाजी खरा एकट्या पैलवानाचाच, त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पण पैलवान भर गिरणीत 'दाजी, दाजी' अशा हाका मारायचा, त्यामुळे हळूहळू मालकसुद्धा त्याच नावाने बोलवायला लागले. कुठलं झाड तोडायचं, कुठलं राखायचं, ओढ्यापासून किती अंतरावर करवत थांबवायची, हे सगळं दाजीच्या नकाशावर रंगवलेलं होतं. नकाशा देखणा होता. त्याबरहुकूम जंगलात काम मात्र फार कोणी करत नव्हतं. दाजीला ते कळत होतं, आणि तो चहा पिऊन गप्प बसत होता.

गिरणीच्या लाकडावर एक शिक्का असायचा. हे लाकूड जंगल न मोडता, माणसं न नाडता आणलंय, असं तो शिक्का सांगायचा, आणि मोठी गिऱ्हाइकं तो बघूनच माल उचलायची. जुन्या शिक्क्याची मुदत संपत आली होती. मालकांच्या कानावर दुसऱ्या एका संस्थेचं नाव आलं, आणि त्यांनी दोन्ही ठिकाणचे तपासनीस एकाच आठवड्यात बोलावले.

"दोन्ही बघून घ्या," ते दाजीला म्हणाले. "कापड घेतानाही आपण दोन दुकानं फिरतोच की."

जुन्या शिक्क्याकडून एक बाई आल्या. केस पांढरे, एक गुडघा दुखरा, हातात काठी. ऑफिसात त्या बसल्याच नाहीत. त्यांच्या संस्थेचे नियम सगळ्या देशांना सारखे, आणि ते पाळलेत की नाही हे जंगलात जाऊन, लोकांशी बोलून बघायचं, अशी रीत. नव्या संस्थेकडून एक चष्मेवाला गृहस्थ आला, वयाने तरुण, बोलायला मवाळ. त्यांची पद्धत वेगळी. प्रत्येक देशाने आपले नियम आपण करायचे. कंपनीने काम कसं करायचं ठरवलंय, तसं ती करते का, दर वर्षी सुधारते का, हे तपासायचं.

जेवणाच्या टेबलावर दोघांची जुंपली, पण हसत-खेळत.

"तुमचे नियम जंगलवालेच लिहितात," बाई म्हणाल्या. "परीक्षा देणाऱ्यानेच पेपर काढला तर नापास कोण होणार?"

"आणि तुमचा पेपर एवढा अवघड, की छोटा जंगलवाला परीक्षेलाच बसत नाही," चष्मेवाला म्हणाला. "तो मग मनाला येईल तशी तोड करतो. आमच्याकडे निदान तो वर्गात तरी येतो."

"वर्गात येऊन झोपला तर?"

"पुढच्या वर्षी उठवतो."

दाजी दोघांना भाजी वाढत होता. दोघांचंही त्याला पटत होतं, आणि हीच त्याची पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी बाई चढावर गेल्या. बरोबर दाजी आणि पैलवान. वरच्या अंगाला बाईंना काही मोठे बुडखे दिसले. कापावर माती आणि पाला पसरलेला होता. त्यांनी काठीने तो बाजूला सारला.

"ही झाडं तोडायची होती?"

"वादळात पडली," पैलवान म्हणाला.

"पडलेल्या झाडाचा बुडखा असा सपाट नसतो," बाई म्हणाल्या, आणि पुढे चालू लागल्या.

चढाच्या माथ्यावर एक वस्ती होती. मध, डिंक, थोडी शेळ्या-मेंढरं यांवर जगणारी. बाईंनी दाजीला आणि पैलवानाला ओढ्यावरच्या पुलापाशीच थांबायला सांगितलं आणि एकट्याच वर गेल्या. नियमच तसा होता. लोकांनी मोकळेपणाने बोलावं म्हणून. पण चढ उघडा होता. बाई कोणाच्या ओसरीवर टेकल्या, कोण त्यांच्यापुढे हातवारे करून बोललं, कोणी ओढ्याकडे आणि बुडख्यांकडे बोट दाखवलं, हे सगळं खालून स्वच्छ दिसत होतं. बोट दाखवणारा तो मधवाला होता. पैलवान एक काडी चावत त्याच्याकडे बघत राहिला.

"गावभर बोंबलणारा एक असतोच," तो म्हणाला.

"सोड रे," दाजी म्हणाला.

पैलवान सोडणाऱ्यातला नव्हता. त्याच दुपारी मधवाला मधाचे डबे घेऊन खाली उतरला, तेव्हा वखारीच्या मागे राखणदारांनी त्याला धरलं. दाजी ओंडके मोजायला तिकडे निघाला होता. आधी त्याला आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा. मग किंकाळी. तो धावत गेला. मधवाल्याचा हात एका ओंडक्यावर दाबून धरला होता आणि पैलवान कुऱ्हाडीच्या बोथट पाठीने एकेक बोट ठेचत होता, शांतपणे, खुंटी ठोकावी तसा.

"कोणत्या बोटाने दाखवलंस बाईला? हे? का हे?"

दाजीने त्याला मागून घट्ट कवटाळलं. पैलवानाने मागे न बघताच कोपर हाणलं. दाजीच्या तोंडात रक्त आलं, जिभेवर दाताचा तुकडा आला. मग पैलवानाने वळून बघितलं आणि तो चांगलाच ओशाळला.

"अहो दाजी, तुम्ही होय? सांगायचं तरी."

दाजीने मधवाल्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. मध सांडून त्याच्या कपड्यांना, सीटला, रक्ताला लागला होता, आणि सगळं एकमेकांना चिकटत होतं.

घरी बायकोने दाजीच्या ओठाला हळद लावली. कोणी मारलं, हे तिने विचारलं नाही. दाजीच सांगायला लागला तेव्हा ती म्हणाली, "तो तापट आहे, अहो. लहानपणापासून मीच सांभाळलंय त्याला. मालकांना सांगू नका."

दाजीने दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, पाहुणे जाऊ द्या, मग बघू.

त्याच सकाळी चष्मेवाला गिरणी तपासत होता. शिक्क्याचं लाकूड आणि बिनशिक्क्याचं लाकूड एकमेकांत मिसळत नाही ना, हे बघायला तो एका ओंडक्याचा माग काढत वखारीतून करवतीपर्यंत आला होता. मोठी पट्ट्याची करवत होती ती, माणसाच्या दुप्पट उंच. करवतवाला तिथे बरीच वर्षं कामाला. स्वभावाने गमत्या, पाहुण्याला म्हणाला, "साहेब, जरा मागे उभे राहा, नाहीतर तुमच्यावरही शिक्का बसेल."

ओंडका पुढे सरकला. अर्धा चिरला गेला आणि आतून एक कर्कश आवाज आला, लोखंडावर लोखंड घासल्याचा. पट्टा तुटला. तुटलेला पट्टा जाळीतून चाबकासारखा बाहेर आला आणि करवतवाल्याच्या मानेतून गेला. तो पडलासुद्धा नाही लगेच. हात करवतीच्या दांड्यावर तसाच राहिला होता. रक्त चष्मेवाल्याच्या अंगभर उडालं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि भिंतीला टेकून ओकला.

करवतवाल्याचा भाऊ तिथेच ओंडके ढकलायला होता. त्याने प्रेताला मांडीवर घेतलं. तेवढ्यात पैलवान आत आला. त्याने चिरलेला ओंडका बघितला, त्यात रुतलेला खिळा बघितला, आणि मोठ्याने म्हणाला, "वस्तीवाल्यांनी ठोकलाय. कालचा बदला घेतला त्यांनी."

एवढं पुरलं. माणसं कुऱ्हाडी, पहारी घ्यायला धावली. कोणी डिझेलचे कॅन ट्रकवर चढवले. करवतवाल्याचा भाऊ तसाच, रक्ताने भरलेला, ट्रकवर चढला.

दाजी आला तेव्हा ट्रक फाटकाबाहेर पडला होता. चष्मेवाला ओंडक्यापाशी वाकून बसला होता. पकडीने त्याने तो खिळा उपसून काढला होता.

"हा कालचा नाही," तो म्हणाला. "बघा, यावर लाकूड चढलंय. आणि हे काय आहे?"

खिळ्याच्या डोक्याखाली पत्र्याची एक चकती अडकली होती. तिच्यावर हिरवा रंग.

तो रंग दाजीच्याच हातचा होता. पहिला शिक्का मिळाला त्या वर्षी राखीव झाडांवर हिरव्या पत्र्याच्या पाट्या ठोकल्या होत्या. शिडीवर दाजी, खाली पाट्या देणारा पैलवान. हे झाड कधीच तुटायला नको होतं. कोणीतरी पाटी उपटून काढली होती, खिळा आत राहिला, वर साल आली. आणि राखण पैलवानाची होती; त्याच्या परवानगीशिवाय त्या झाडाला कोणी हात लावलाच नसता.

दाजीने खिळा खिशात टाकला. जीप त्याने वणवा अडवायला काढलेल्या पट्ट्यातून घातली, खड्ड्यांतून, बुडख्यांवरून, आणि ट्रकच्या आधी पुलावर पोचून ती आडवी लावली. वस्तीकडे जायला दुसरी वाट नव्हती.

ट्रक थांबला. पैलवान उतरून एकटाच पुढे आला.

"दाजी, गाडी काढा."

"खिळा आपला आहे. पाटीचा आहे."

पैलवान अगदी जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? यांना कळलं तर मला उभा चिरतील. त्यापेक्षा चार झोपड्या जळलेल्या बऱ्या. ताईकडे बघून तरी बाजूला व्हा."

"तिच्याकडे बघूनच उभा आहे," दाजी म्हणाला.

पैलवानाने पहार उचलली. पहिला घाव काचेवर बसला, दुसरा दाजीच्या खांद्यावर. हाड मोडल्याचं दाजीला स्वतःच्या कानांनी ऐकू आलं. तो जीपवर कोसळला. मागच्या सीटवर ओंडके उलटायचा लोखंडी आकडा पडला होता. तो त्याच्या चांगल्या हाताला लागला. पैलवान पुन्हा पहार उचलत होता. त्याचा चेहरा दाजीला दिसला. ताईच्या लग्नात अक्षता टाकताना तोंडभर हसणारं पोर होतं ते. दाजीने आकडा फिरवला. तो कानाच्या वर बसला आणि पैलवान गुडघ्यांवर आला, मग तोंडावर.

गर्दी पुढे सरकली. दाजीने खिळा वर धरला.

"हा बघा. ही हिरवी पाटी कोणाची? वस्तीवाल्यांची? राखीव झाड तोडून यानेच वखारीत घातलंय. विचारा त्याला."

करवतवाल्याचा भाऊ खिळ्याकडे बघत राहिला, पाटीच्या चकतीवरून त्याने अंगठा फिरवला. मग त्याने पडलेल्या पैलवानाच्या डोक्यात लाथ घातली. दुसरी घातली. मग बाकीचे तुटून पडले. वस्तीसाठी उचललेल्या काठ्या आता इथेच पडायला लागल्या, आणि पैलवानाच्या तोंडातून 'दाजी' एवढंच निघत होतं.

दाजी त्याच्यावर पालथा पडला. लाथा त्याच्या पाठीत बसल्या, बरगड्यांत बसल्या, मोडलेल्या खांद्यावर बसल्या. तो हाताखालचं डोकं झाकून होता. त्याच्या बोटांना ते डोकं एका जागी मऊ लागत होतं. वस्तीतली माणसं कुऱ्हाडी घेऊन पुलापलीकडे जमली, आणि सकाळीच पुन्हा वस्तीत गेलेल्या बाई काठी टेकत दोन्ही जमावांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे लाथा थांबल्या. मागाहून पोलीस आले.

बाईंच्या संस्थेने शिक्का तडकाफडकी काढून घेतला. गिऱ्हाइकं गेली, एक पाळी बंद झाली, आणि वरच्या वस्तीतली जी चार माणसं गिरणीत कामाला होती, त्यांचीच नावं आधी कापली गेली. चष्मेवाल्याच्या संस्थेने नकार दिला नाही. आधी राखणदार बदला, ओंडक्यातलं लोखंड शोधायचं यंत्र लावा, वस्तीला तोडणीच्या बैठकीत बसवा, मग या, असं सांगितलं. मालकांनी ते केलं, आणि वर्षाने नवा शिक्का मिळाला. वरच्या अंगाची तोड मात्र थांबली नाही; ती आता कायदेशीर कागदावर, थोडी थोडी होऊ लागली. दाजीने मधवाल्याला एकदा विचारलं, कुठला शिक्का बरा? मधवाला वाकड्या बोटांमध्ये काडी धरून पोळ्याखाली धूर करत होता.

"त्या बाईंनी माझं ऐकलं आणि निघून गेल्या," तो म्हणाला. "हे लोक ऐकत नाहीत, पण दर वर्षी येतात. तुम्हीच सांगा, दाजी, मला काय कळतंय."

दाजीने धुरासाठी वाळला पाला पुढे केला.

पैलवान जगला. डावं अंग गेलं, वाचा गेली. खटल्यात प्रश्न एकच होता: कवटी कशाने फुटली, आकड्याने का लाथांनी. डॉक्टरांनी नक्की सांगता येत नाही म्हणून लिहून दिलं, आणि दाजी सुटला. बायकोने भावाला घरी आणलं, मधल्या खोलीत त्याची खाट टाकली, आणि दाजीला एवढंच म्हणाली, "माझ्याच्याने उचलवत नाही तो. अंघोळ तुम्ही घालायची."

तेव्हापासून रोज सकाळी दाजी त्याला उचलून न्हाणीघरात नेतो, पाटावर बसवतो, पाणी हाताला लावून बघतो. पैलवानाचा उजवा हात अजून चालतो. साबण लावायला दाजी वाकला, की तो हात उठतो आणि दाजीच्या तोंडावर बसतो. कधी कानावर, कधी नाकावर. जोर अजून आहे त्यात. दाजी डोळे मिटतो आणि साबण लावत राहतो.

एकदा नाकातून रक्त आलं. बायको दारात टॉवेल घेऊन उभी होती. दाजीने मेहुण्याचा हात धरायला घेतला, तशी ती म्हणाली, "मारू द्या त्याला."

दाजीने हात सोडला आणि तांब्या भरून घेतला.