बुधवारी चार ते सहा, फी नाही

चूक माझीच होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी "पण तुम्ही चांगल्या मनानं केलंत ना हो" असलं गुळमुळीत बोलायला नको. चांगल्या मनानंच केलं, आणि सुनेच्या पाच वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडायची वेळ आणली.

मी सुरेखा. पुण्यात आरटीओमध्ये लायसनच्या खिडकीवर एकतीस वर्षं काढली. एक झेरॉक्स कमी असली तरी मी माणसाला परत पाठवायचे. लोक माघारी काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं, पण ज्याला गाडी येत नाही त्याच्या हातात लायसन दिलं तर रस्त्यावर मरतं दुसरंच कोणीतरी. तेव्हा नियम काय असतो ते मला कोणी शिकवू नये. आणि तरीही माझ्या हातून हे झालं.

मुलगा गौरांग जर्मनीत, फ्रँकफर्टशेजारी एश्बॉर्नला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सून विभावरी सायकॉलॉजिस्ट. पुण्याच्या हॉस्पिटलात नऊ वर्षं तिनं माणसांची मनं सावरली. पण इथं जर्मनीत मनावर उपचार करायचे तर राज्याचं लायसन लागतं. त्याला 'आप्रोबात्सिओन' म्हणतात. माझी जीभ काही त्या शब्दाला वळली नाही, मी आपली लायसनच म्हणते. त्यासाठी ही पोर जर्मन शिकली, वरच्या वरच्या परीक्षा दिल्या, पुण्याचा एकेक कागद शिक्का मारून भाषांतर करून घेतला. घरात बसून राहायला नको म्हणून सकाळी किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, मुलांना जाकिटं-बूट चढवायची. आणि दुपारी अभ्यास.

शेवटी लायसनच्या ऑफिसनं तोंडी परीक्षेची तारीख दिली, अकरा मार्च. समोर पेशंट बसवणार आणि हिनं त्याच्याशी बोलायचं. पण त्याच सुमाराला राज्यात नियम नव्यानं लिहायचं चाललं होतं. मार्चअखेरपर्यंत ज्यांची परीक्षा होईल त्यांचं जुन्या नियमानं, उरलेल्यांनी पुन्हा पहिल्यापासून, असं पत्रात लिहिलं होतं. विभानं ते पत्र वाचून फ्रिजवर लावलं आणि भांडी घासायला लागली. मला एक रिक्षावाला आठवला. सोमवारी नियम बदलला आणि तो जुना फॉर्म भरून मंगळवारी आला होता. मी त्याला एका वाक्यात वाटेला लावलं होतं.

मी डिसेंबरात तीन महिन्यांसाठी आले, ती नात सांभाळायला. ओवी सात वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. एक दिवस विभा म्हणाली, "आई, अहो, माझा सराव घ्याल का? तुम्ही पेशंट व्हा. आधी मराठीत करते, मग तेच मी जर्मनमध्ये म्हणून बघेन."

"मला काय झालंय म्हणायचं?"

"झोप लागत नाही म्हणा."

मग रोज दुपारी तीनला आमचं नाटक सुरू झालं. मी स्वयंपाकघराच्या दारावर टकटक करायची, ती म्हणायची, "या, बसा सुरेखाताई." पहिले दोन दिवस मी नुसती धमाल केली. झोप का लागत नाही, तर सून घोरते. ती हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "दिवसातली कुठली वेळ जड जाते?" आणि माझ्या तोंडून गेलं, "हीच. तीनची."

मग मी थांबलेच नाही. आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली. रिटायर झाल्यावर यशवंतराव आणि मी रोज तीनला चहा प्यायचो. ते बशीत ओतून फुर्रर्र करून प्यायचे आणि मी रोज त्यावरून बोलायचे. ते गेल्यावरही मी दोन कप चहा टाकते. मुद्दाम नाही हो, हात आपोआप दोन कप पाणी घेतो. मग दोन्ही कप भरते आणि टेबलावर ठेवते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. गौरांगला तर नाहीच. त्याचा रविवारी फोन आला की मी सांगते, मजेत आहे, भिशी आहे, नाटकाची तिकिटं काढलीत.

विभानं "अरेरे" केलं नाही. बाबा वरून बघत असतील वगैरेही काही म्हणाली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग त्या दुसऱ्या कपाचं काय करता?"

"ओतून देते. चारला भांडीवाली येते, ती यायच्या आत. कप विसळून पालथा घालते. तिला दिसायला नको."

आणि मी रडले. ह्यांच्या तेराव्यालासुद्धा पाहुण्यांच्या पंगती बघत होते, तेव्हा रडायला सवड झाली नव्हती. विभा माझ्यासमोर नुसती बसून राहिली. माझं आटपल्यावर म्हणाली, "आई, हे इथंच राहील. गौरांगलासुद्धा कळणार नाही." त्या रात्री मी सहा तास सलग झोपले.

आता माझा मूर्खपणा ऐका.

जानेवारीत मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. तिथं एक बाई मला म्हणाल्या, "तुमची सून किटात असते ना? पोरांची नाकं पुसायला? बरं आहे, वेळ जातो." वेळ जातो! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की वाण तिथंच ठेवून यावंसं वाटलं. घरी आले, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला नुकतंच घेतलं होतं, तिथं सरळ लिहून टाकलं:

"माझी सून सौ. विभावरी ही सायकोथेरपिस्ट आहे. ज्यांना मन मोकळं करायचं आहे त्यांनी घरी यावे. बुधवारी चार ते सहा. फी नाही. मला स्वतःला गुण आला आहे. तिळगूळ घ्या, गोड गोड बोला." खाली पत्ता आणि तिचा फोन.

बुधवार अशासाठी की तेव्हा ओवीचा पोहण्याचा क्लास असतो. सगळा विचार केला होता मी! एवढाच नाही केला, की विभाला विचारावं.

बुधवारी सव्वाचारला बेल वाजली. दारात मीनल नावाची एक मुलगी, डोळे सुजलेले. विभा त्या ग्रुपवर नव्हती, तिला काही कळेना. मीनलनं फोनवरचा मेसेज दाखवला. तो वाचताना विभाचा चेहरा जो उतरला तो मी जन्मात विसरणार नाही. पण मीनलला तिनं आत घेतलं, चहा दिला आणि स्वच्छ सांगितलं, "मला इथं परवानगी नाहीये. मी तुझं ऐकून घेऊन उपचार करू शकत नाही. पण ज्यांना आहे त्यांच्यापर्यंत तुला पोचवते." मग तासभर फोन लावत बसली आणि मीनलला एका बाईंची वेळ मिळाल्यावरच तिला सोडलं.

दार लावल्यावर म्हणाली, "आई, इथं लायसन नसताना स्वतःला सायकोथेरपिस्ट म्हणवणं हा गुन्हा आहे."

मी म्हटलं, "तू कुठं म्हणवलंस? मी म्हटलं."

"हो. माझा पत्ता आणि माझा फोन टाकून."

मी तेव्हाच मेसेज पुसला. पण चारशे माणसांच्या ग्रुपवर पुसून काय होतंय? कुणी कुठं पाठवला कोण जाणे. फेब्रुवारीत लायसनच्या ऑफिसचं पिवळं पाकीट आलं. इथं सरकारी नोटीस पिवळ्या पाकिटातून येते, ते दिसलं की माणसाचं धाबं दणाणतं. परवान्याशिवाय उपचार करत असल्याची तक्रार आहे, अर्जदाराच्या विश्वासार्हतेबद्दल शंका आहे, येऊन खुलासा करा, तोवर परीक्षेची तारीख स्थगित. आणि मेसेजमधल्या एका वाक्याखाली रेघ मारून विचारलं होतं, 'मला स्वतःला गुण आला आहे' हे कोण म्हणतंय आणि कसला उपचार केला?

गौरांग माझ्यावर भडकला. "आई, कसला गुण आला तुला? झालं काय होतं तुला?"

मी म्हटलं, "गुडघा."

"गुडघ्याला सायकॉलॉजिस्ट?"

विभानं खुलासा लिहिला तो तीन ओळींचा: मेसेज घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीनं माझ्या नकळत टाकला, मी कुणावर उपचार केलेले नाहीत, आम्ही परीक्षेचा सराव करत होतो. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "अगं, पुढचं लिही की! खिडकीवर बसलेल्या माणसाला हे पुरणार नाही. मी असते तर मी परत पाठवलं असतं."

"पुढचं माझं नाहीये आई, तुमचं आहे," ती म्हणाली. "तुम्हाला शब्द दिलाय मी."

"सरावच होता तो!"

"तुम्ही रडलात तेव्हा सराव नव्हता."

मला त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं, खरंच. पाच वर्षं पणाला लागलेली, आणि ही माझा पालथा कप झाकून बसली होती. मी खोलीत गेले, कागद घेतला आणि एकतीस वर्षं दुसऱ्यांकडून लिहून घेतलं तसं स्वतः लिहिलं. मी, खाली सही करणार, सुरेखा यशवंत अमुक, वय अडुसष्ट, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की. 'की'च्या पुढे पेन चालेना. दोन दिवस तो कागद तसाच पडून राहिला.

तिसऱ्या दिवशी तो पर्समध्ये घातला आणि एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडून आम्ही तिघं ऑफिसात गेलो. फ्राऊ लिंडनर नावाच्या बाई होत्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. टेबलावर फाइल सरळ रेषेत ठेवलेली. बघताक्षणी ओळखलं, ही माझ्यासारखीच आहे, हिला गोड बोलून काही होणार नाही. विभानं तिच्या तीन ओळी सांगितल्या. बाईंनी विचारलं, गुण आलेली व्यक्ती कोण? विभा म्हणाली, "तिच्याबद्दल मी काही सांगू शकत नाही." बाईंनी पेन खाली ठेवलं. जर्मन मला येत नाही, पण फाइल बंद करायच्या आधी पेन कसं खाली ठेवतात ते मला येतं.

"थांबा," मी मराठीतच म्हणाले. "ती व्यक्ती मी. गौरांग, सांग त्यांना."

गौरांगनं सांगितलं. बाई म्हणाल्या, अधिकृत दुभाष्या नाही, तेव्हा मी हे फक्त टिपण म्हणून घेते. मग त्यांनी मला विचारलं, सुनेनं काय उपचार केला, काय सल्ला दिला?

"काही सल्ला दिला नाही. मी पेशंटचं नाटक करत होते, करता करता खरं बोलून गेले. तिनं फक्त विचारलं, दुसऱ्या कपाचं काय करता."

गौरांग निम्मं बोलला आणि थांबला. माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, कुठला दुसरा कप?"

विभा पटकन म्हणाली, "आई, अहो, सांगायलाच पाहिजे असं नाही."

"माझं आहे ना? मग मी सांगते."

आणि मी सांगितलं. तीनचा चहा, दोन कप, बशी, भांडीवाली यायच्या आत ओतलेला चहा. त्याच्याकडे न बघता, बाईंच्या टेबलाकडे बघत सांगितलं. शेवटी हेही सांगितलं, की मी लायसनच्या खिडकीवर होते, चुकीचा कागद मी दिलाय, शिक्षा असेल ती मला करा. आणि ही मुलगी माझी गोष्ट स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा सांगत नाही, हे तुम्ही परीक्षेत कसं तपासणार होतात ते मला सांगा.

गौरांग एकेक वाक्य जर्मनमध्ये करत होता. भांडीवालीपाशी तो अडखळला. मग त्यानं पुन्हा पहिल्यापासून ते वाक्य म्हटलं. बाईंनी घाई केली नाही. सगळं लिहून घेतलं, मीनलला कुणाकडे पाठवलं ते विचारलं, तेही लिहिलं. मग मी पर्समधला माझा अर्धा कागद काढला, तो त्यांनी मागून घेतला, त्याखाली सही करायला लावली आणि फाइलला लावला. "टिपण वर जाईल," त्या म्हणाल्या. "स्थगिती उठवा, असा शेरा मी लिहितेय. अकरा मार्चची तयारी करा." निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला.

घरी यायला तीन वाजून गेले होते. विभा ओवीला आणायला परस्पर शाळेत गेली. मी सवयीनं गॅसपाशी गेले, सवयीनं दोन कप पाणी टाकलं आणि लक्षात आल्यावर तशीच उभी राहिले. गौरांग अजून कोटात होता. त्यानं दोन कप काढले, आणि कपाट धुंडाळून कुठून तरी एक बशीही काढली. या घरात बशी आहे हे मला दोन महिन्यांत कळलं नव्हतं.

टेबलाशी बसून त्यानं दुसऱ्या कपातला चहा बशीत ओतला आणि फुर्रर्र करून प्यायला. कोटावर सांडला.

"अरे, कोट तरी काढून प्यावं माणसानं," मी म्हणाले.