बांधाची माती

"घरी बसून आकडे भरलेस काय?" सरांनी तक्ता तिच्यासमोर आपटला. "बांधावर स्लाइम मोल्डच्या नऊ जाती, शेताच्या मधोमधही त्याच नऊ? वर्षानुवर्षं औषधं मारलेल्या जमिनीत? पंधरा दिवसांत खरं काय ते आण, नाहीतर पदवी विसर."

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तीन वर्षं ती स्लाइम मोल्डपायी राबत होती. मातीतले हे जीव डोळ्यांना दिसत नाहीत. बॅक्टेरिया खाऊन जगतात आणि उपासमार झाली की हजारोंनी एकत्र येऊन केसासारखा इवलासा देठ उभा करतात. काचेच्या बशांत उगवलेले ते देठ तिने एकेक करून मोजले होते. मोजण्यात चूक नव्हती. माती मात्र तिने स्वतः खणली नव्हती. सख्खा भाऊ आहे म्हणून नंबर आणि शेताचं नाव घातलेल्या बारा पिशव्या दादाकडे पाठवल्या होत्या, सहा बांधासाठी, सहा शेतासाठी.

ती तडक दादाच्या दारात.

"सगळ्या पिशव्या बांधावरच भरल्यास ना?"

"भरल्या." लाज नाही, काही नाही. "झाडाखालची चांगली काळीभोर माती दिली. पिशवीवर माझ्या शेताचं नाव होतं. चारचौघांत माझी अब्रू काढणार होतीस?"

"आणि माझी निघाली तिचं काय? लबाड ठरले मी!"

"ते तुझं तू बघ. शेतात पाऊल टाकायचं नाही."

वहिनी मध्ये पडली, तर तिच्यावरही खेकसला. पण बहीण शेवटी त्याचीच. हट्टाला पेटली की ऐकते कुणाचं! खुरपं उचललं आणि त्याच्या डोळ्यांदेखत शेतात बसून सहा पिशव्या भरल्या. माती विटेसारखी कडक. एक गांडूळ दिसेल तर शपथ.

दहा दिवसांनी शेताच्या बशा कोऱ्याच होत्या. तिने पुन्हा पुन्हा पाहिल्या. एक देठ नाही. सर खूश झाले, पदवी वाचली, आणि हिला मेलं रडूच आवरेना.

संध्याकाळी दादाचा फोन आला.

"शेतात किती जाती निघाल्या?"

"एकही नाही, दादा."



"लिहून टाक. शेताचं नावही लिही," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं गं सगळं. तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. आता या घरी येऊ नकोस."