उजेड वाढवून दिला

मेघाला संध्याकाळी दिसतं आणि भरदुपारी ती आंधळी असते. एवढी साधी गोष्ट आजवर कोणाच्या डोक्यात शिरली नाही, म्हणून आधीच सांगून टाकलेली बरी. तिच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. जितका उजेड जास्त, तितकं सगळं पांढरं. वस्तीतल्या पोरांनी लहानपणीच तिचं नाव घुबड ठेवलं. पोरं बाप झाली, नाव तसंच राहिलं.

तिचा बाप गोविंदा हिंगण्याच्या कारखान्यात शिफ्ट करतो. त्याने तिला सेकंडहँड लॅपटॉप आणून दिला. मेघाने त्याचा ब्राइटनेस पार तळाला नेला आणि काळ्यावर पिवळी अक्षरं करून घेतली. घरी येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "बंद पडला का वं तुया कम्प्युटर?" त्याच बंद पडलेल्या कम्प्युटरवर तिने कारकुनाच्या परीक्षेचा सगळा अभ्यास केला. वयाची मर्यादा यंदा संपत होती. ही परीक्षा गेली की सरकारी नोकरी संपली.

अर्जात विचारलं होतं, लेखनिक हवा का? तिने नाही म्हटलं.

"घेऊन घे न वं," गोविंदा म्हणाला होता. "तो लेखनिक वाचून दाखवीन, तोच लिहून देईन. तुयं काय जाते?"

"मले वाचता येते न बाबा. मंग दुसऱ्याच्या तोंडून काहून ऐकू?"

अर्ज बनवणाऱ्याच्या डोक्यात माणसांच्या दोनच जाती होत्या. दिसणारे आणि न दिसणारे. मेघा कोणत्याच रकान्यात बसत नव्हती, पण नाही म्हणताच ती दिसणाऱ्यांत जमा झाली.

परीक्षा हिंगणा रोडच्या एका कॉलेजात होती. मे महिना, डांबर पायाला चिकटत होतं. गेटवर गार्डने तिचा काळा चष्मा उतरवला.

"गॉगल जमा करा."

"गॉगल नाही भाऊ, डोळ्याचा हाय. हे सर्टिफिकेट पाहा."

"सगळे असंच म्हणतात. कॅमेरा राहते आजकाल याच्यात." त्याने चष्मा टोपलीत टाकला, लोकांच्या घड्याळांच्या आणि किल्ल्यांच्या ढिगावर.

गोविंदाला गेटच्या आत येता आलं नाही. भिंतीला हात लावत ती एकटी लॅबमध्ये पोचली. आत गेल्यावर तिला कळलं की बाहेरचं ऊन परवडलं. पांढऱ्या भिंती, वर ट्यूबलाइटींच्या रांगा आणि समोर पांढरीफटक स्क्रीन. मॉनिटरच्या बटणांवर खाकी टेप चिकटवलेली होती. उमेदवारांनी चाळे करू नयेत म्हणून.

लॅबवर देखरेखीला लतिका मॅडम होत्या. बाई वाईट नव्हती. मेघाने सांगितलं, "मॅडम, मले लो व्हिजन हाय. तेवढा ब्राइटनेस ॲडजस्ट करून द्या."

मॅडमने लगेच टेक्निशियनला हाक मारली. "ऋषी, यांना कमी दिसतं, जरा बघ."

ऋषी धावत आला. त्याने टेप सोलली, बटण दाबलं, दाबतच राहिला. मेघाच्या तोंडावर जणू कोणी ट्रकचा हेडलाइट लावला. तोवर त्याने टेप परत दाबून बसवलीही होती.

"घ्या ताई. फुल करून दिला. आता मस्त दिसन."

"कमी करा भाऊ. मले उजेडानं दिसत नाही."

ऋषी हसला. "काय ताई. उजेडानं दिसत नाही तं मंग कायनं दिसते?"

बाजूच्या खुर्च्यांवर दोघंतिघं हसली. तेवढ्यात घंटा झाली आणि स्क्रीनवरचं घड्याळ उलटं सुरू झालं. मॅडम म्हणाल्या, "आता मशीनला हात लावता येत नाही हो. नियम आहे. तुमच्या भल्यासाठीच वाढवून दिलाय ना?"

भल्यासाठी. जगातल्या निम्म्या दुष्टपणाचं नाव हेच आहे, आणि त्याची तक्रार घेणारं ठाणं कुठेच नाही.

मेघाने मूठ नळीसारखी केली आणि डोळ्याला लावली. मुठीच्या भोकातून एकेक अक्षर यायचं आणि विरघळायचं. पहिला प्रश्न संपेपर्यंत त्याची सुरुवात ती विसरली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग तिने ओढणी काढून डोक्यावरून मॉनिटरवर टाकली आणि आत शिरली. आत अंधार झाला, पण स्क्रीनचा जाळ तसाच राहिला. तरी काही ओळी उभ्या राहिल्या. येणारे प्रश्न होते. सगळे येणारे होते.

"काय चाललंय हे?" ओढणी ओढली गेली. लतिका मॅडमचा आवाज आता घाबरलेला होता. "कॅमेऱ्यावर दिसतंय, वरून फोन आला. तुमच्यामुळे माझी नोकरी जाईल."

मेघाने टेपला नख लावलं.

"टेप काढली तर मला लेखी द्यावं लागेल. पेपर रद्द होईल."

मेघाने हात मांडीवर ठेवला. उरलेला वेळ ती अंदाजाने माउसच्या टिचक्या मारत बसली. वेळ संपला, पेपर आपोआप जमा झाला. पण तिचं मशीन बंद होईना.

"अभिप्राय द्यायचाय," मॅडम वाकून म्हणाल्या. आवाज परत मऊ झाला होता. "केंद्रावरच्या सोयी कशा होत्या, विचारतंय. त्याशिवाय पुढे जात नाही. दिसतंय का?"

"नाही."

"थांबा, मी करून देते." मॅडमने माउस हातात घेतला, क्लिक केलं. "उत्तम केलंय. चालेल ना?"

गेटवर गार्डने टोपलीतून चष्मा काढून दिला. गोविंदा रस्त्यापलीकडून धावत आला. तिचे सुजलेले डोळे पाहून त्याने पेपर कसा गेला, हे विचारलंच नाही.

"उजेड कमी नाही केला का त्याइनं?"

"वाढवून देला."

"चाल, विचारतो साल्याइले. तक्रार देतो."

"कायची तक्रार बाबा? मीच उत्तम म्हणून देलं."

 गोविंदाने मोटरसायकल सावलीतून काढली. "जाऊ दे वं. पुढच्या वर्षी..." म्हणाला आणि मधेच थांबला.

मेघा मागे बसली. चष्मा होता, तरी तिने डोळे मिटले आणि कपाळ बापाच्या पाठीला टेकलं. शर्टाला मशीनच्या तेलाचा वास होता. गोविंदाने किक मारली, गाडी चालू झाली नाही. त्याने परत मारली.